ब्रेक पॅड बदलताना पिस्टन मागे कसा न्यायचा? आधी हे ओळखा, मग टूल घ्या

मे महिन्यातला रविवार. नागपूरचं ऊन तापायच्या आत काम उरकावं म्हणून सकाळी सहालाच बाबांच्या कारचे ब्रेक पॅड बदलायला बसलो. पुढची दोन्ही चाकं सी-क्लॅम्पने आरामात झाली. मागचा पिस्टन मात्र हलेना. मी क्लॅम्प आणखी आवळला. तेवढ्यात गल्लीतला मेकॅनिक डोकावला आणि म्हणाला, "भाऊ, हा दाबाचा नाही, फिरवाचा पिस्टन आहे."

तोवर उशीर झाला होता. आतली हँडब्रेकची यंत्रणा बिघडली आणि नुसत्या पॅडच्या कामात अख्खा कॅलिपर विकत घ्यावा लागला. इंजिनिअरिंगची डिग्री काही कामाला आली नाही! तुमचं असं होऊ नये म्हणून हा लेख.

पिस्टन मागे का न्यावा लागतो?

ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कवर घासतात. ब्रेक सोडला की पिस्टनभोवतीचं रबरी सील त्याला अगदी थोडं मागे ओढतं. पॅड झिजत जातात तसा पिस्टन हळूहळू पुढेच येऊन थांबतो. नवे पॅड जाड असतात, त्यामुळे पिस्टन आत गेल्याशिवाय ते बसतच नाहीत.

टूल निवडण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: या पिस्टनच्या मागे काय आहे?

१. फक्त ऑइल असेल तर दाबा

डिस्क ब्रेकच्या बहुतेक बाईक आणि कारची पुढची चाकं यात येतात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सगळ्या नव्या बाईकना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे डिस्क ब्रेक आता घरोघरी दिसतो.

- बाईक: बरेचदा दोन्ही अंगठ्यांचा जोर पुरतो. पिस्टन दोन असतील तर दोन्ही एकदम दाबा, नाहीतर एक आत जातो आणि दुसरा बाहेर येतो.
- कार: सी-क्लॅम्प पुरेसा आहे. जुना पॅड पिस्टनवर ठेवून त्यावर क्लॅम्प आवळा, म्हणजे जोर सगळीकडे सारखा पडतो.
- पिस्टन स्प्रेडर: वारंवार हे काम करणार असाल, तरच विकत घ्या.

स्क्रू-ड्रायव्हरने कधीच ढकलू नका. पिस्टन तिरका होतो किंवा रबर फाटतं. मग आत धूळ-पाणी शिरतं आणि पिस्टन जाम होतो.

२. स्क्रू असेल तर फिरवा

मागे डिस्क आणि केबलचा हँडब्रेक असलेल्या काही कारमध्ये असा पिस्टन असतो. ओळखायची खूण म्हणजे पिस्टनच्या तोंडावर दिसणाऱ्या खाचा. मोबाईलची टॉर्च लावून बघा आणि एक फोटो काढून ठेवा.

इथे विंड-बॅक टूल लागतं. त्याच्या पिना खाचांमध्ये बसतात आणि दाब देत देत पिस्टन फिरवता येतो. दिशा बहुधा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे असते, पण काही कारमध्ये डाव्या चाकाची उलटी असते. म्हणून दोन्ही दिशांना चालणारा संच घ्या आणि आपल्या कारच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये खात्री करा. काम सुरू करण्याआधी हँडब्रेक सोडायला विसरू नका.

३. मोटर असेल तर आधी कमांड द्या

हँडब्रेकच्या दांड्याऐवजी बटण असेल, तर मागच्या कॅलिपरवर बहुधा छोटी मोटर असते. इथे आधी सर्व्हिस मोड सुरू करावा लागतो. मोटर आतला नट मागे घेते, आणि त्यानंतरच पिस्टन क्लॅम्पने दाबायचा. जबरदस्ती केली तर आतले गिअर तुटू शकतात.

काही कारमध्ये हा मोड बटण आणि पेडल ठरावीक क्रमाने दाबून सुरू होतो, काहींना स्कॅन टूल लागतं. फोनला जोडायचं स्वस्त ब्लूटूथ ओबीडी डोंगल यासाठी पुरेल असं समजू नका. ते मुख्यतः इंजिनचे सर्वसामान्य कोड वाचतं. पार्किंग ब्रेकची कमांड प्रत्येक कंपनीची वेगळी असते. तुमच्या मॉडेलची ही सोय ॲपमध्ये स्पष्ट लिहिलेली नसेल, तर सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.

टूल लावण्याआधी

- कारच्या चाकांना अडण लावा. ती नुसत्या जॅकवर ठेवू नका, स्टँड लावा.
- पिस्टनची बाहेर आलेली बाजू ब्रेक क्लीनरने पुसा, नाहीतर मळ सीलपर्यंत जातो.
- ऑइलच्या डबीचं झाकण उघडून पातळी बघा. पिस्टन आत गेला की ती वर चढते. ऑइल सांडलं तर रंग खराब होतो, लगेच पाण्याने धुवा.
- कॅलिपर त्याच्या होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं

पॅड बसले की गाडी जागेवरच ठेवून ब्रेक घट्ट लागेपर्यंत लिव्हर किंवा पेडल दाबत राहा. पिस्टन आत गेलेला असल्यामुळे पहिल्या काही वेळा ब्रेक लागतच नाही. हे विसरून थेट वर्धा रोडला निघालात, तर पहिल्याच सिग्नलला कळेल, आणि तेव्हा फार उशीर झालेला असेल. नंतर ऑइलची पातळी पुन्हा बघा आणि रिकाम्या गल्लीत हळू चालवून ब्रेक तपासा.

थोडक्यात, पिस्टन सहज हलत नसेल तर जोर वाढवू नका. थांबा आणि त्याच्या मागे काय आहे ते बघा. मी तेवढं केलं असतं, तर कॅलिपरचे पैसे वाचले असते.