घरगुती मद्यनिर्मिती आणि वसाहतकालीन अबकारी धोरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मद्यपान इष्ट की अनिष्ट हा नीतीचा प्रश्न आहे. मद्य घरी तयार करण्याचा अधिकार कोणाचा, हा सत्ता व महसूल यांचा प्रश्न आहे. हे दोन प्रश्न एकत्र केल्यास अबकारीचा इतिहास नीट उलगडत नाही. प्रस्तुत निबंधात इंग्लंड व मुंबई इलाखा यांच्या तुलनेतून दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

इंग्लंडमधील घरगुती बिअर :
तपकिरी एल हे इंग्लंडचे पारंपरिक पेय होय. मोड आणून भाजलेले बार्लीचे दाणे गरम पाण्यात भिजवितात. त्याचा गोड अर्क हॉप्सच्या फुलांसह उकळून, थंड झाल्यावर यीस्ट घालून आंबवितात. हॉप्समुळे पेयास कडवटपणा येतो व ते टिकते. ग्लॅडस्टन यांनी १८८० साली माल्टवरील कर रद्द करून बिअरवर कर बसविला. घरगुती बिअर परवान्याच्या कक्षेत आली, पण गुन्हा ठरली नाही. १९६३ मध्ये हा परवानाही रद्द झाला.

मुंबई इलाख्यातील स्थिती :
ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतील आदिवासी मोहाची फुले पाण्यात आंबवून मातीच्या भांड्यांतून दारू गाळीत. लग्नकार्यात व देवकार्यात तिला मान होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने व अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांच्या धोरणाने निर्मिती मोठ्या भट्ट्यांकडे व मक्तेदारांकडे गेली. ताडीच्या झाडांवर कर बसला. १८९२ च्या मोहफूल कायद्याने तर या जिल्ह्यांत फुलांच्या साठ्यावर व विक्रीवरही निर्बंध आले.

येथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. बिअर आंबविली जाते, मोहाची दारू गाळली जाते. घरी दारू गाळण्यास इंग्लंडमध्येही मनाई होती. परंतु ताडी केवळ आंबलेले पेय असूनही तिची सुटका झाली नाही. शिवाय घरची भट्टी बंद करणारे सरकार मक्त्याची दुकाने मात्र उघडीत होते. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुले यांनी १८८० सालीच शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीस विरोध नोंदविला, ही बाब या संदर्भात बोलकी आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ :
फुलंब्रीचा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथेही अबकारी हे महसुलाचे प्रमुख साधन होते. पुढे राज्यभर लागू झालेल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती गुन्हा आहे. याच कायद्याखाली परवाने घेऊन आपल्या जिल्ह्यात वाळूज येथे बिअरचे मोठे कारखाने चालतात. मोहफुलांच्या संकलनावरील व वाहतुकीवरील निर्बंध राज्य शासनाने उठविले, ते २०२१ साली.

समारोप :
दारूने उद्ध्वस्त झालेले संसार खेड्यापाड्यांत आपण पाहतो; त्यामुळे घरगुती भट्टीचे उदात्तीकरण येथे अभिप्रेत नाही. स्त्रियांच्या दारूबंदी चळवळींचे नैतिक बळ निर्विवाद आहे. मात्र वसाहतकालीन अबकारीचे मूळ त्या नीतीत नव्हते. तिने दारू कमी केली नाही. दारू करणाऱ्याला गिऱ्हाईक केले आणि न झालेल्याला गुन्हेगार ठरविले. दारूबंदीचा विचार करताना हा वारसा ध्यानी घेणे अगत्याचे आहे.