‘जॉब’ शब्दाचे दोन अर्थ

कोल्हापूर परिसरातील यंत्रशाळांत ‘जॉब’ हा शब्द प्रथम नोकरीसाठी नव्हे, तर लेथच्या चकमध्ये धरलेल्या, घडवायच्या धातूच्या तुकड्यासाठी वापरला जातो. म्हादबा मेस्त्री, यशवंत पोवार यांच्या पिढीने नावारूपाला आणलेल्या यंत्रउद्योगाचा पट्टा शहरातील उद्यमनगरापासून महामार्गाने दक्षिणेकडे गोकुळ शिरगाव आणि पुढे कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीपर्यंत पसरला. त्यात कारागीर पारखण्याची रीत सरळ होती : ड्रॉइंग पुढे ठेवायचे, जॉब हाती द्यायचा आणि तो मापात उतरतो का ते पाहायचे. 1950 पासूनच्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून उभ्या राहिलेल्या आयटीआयांनी हीच रीत ‘ट्रेड टेस्ट’ या नावाने नियमात बसवली. संगणक अभियंत्याची पारख मात्र, तो याच पट्ट्यात शिकलेला असूनही, बराच काळ त्याच्या प्रत्यक्ष कामापासून दूरच राहिली.

1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी गोकुळ शिरगाव येथे केआयटी हे असे महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे कागलच्या विद्यार्थ्याला अभियंता होण्यासाठी पुण्या-मुंबईला जाण्याची गरज उरली नाही. नोकरीसाठी मात्र ती राहिली. आसपासच्या फौंड्र्यांना यांत्रिकी शाखेचे पदवीधर हवे होते, संगणक शाखेचे फारसे नव्हते, आणि कागलवरून जाणारा महामार्ग एका टोकाला पुणे तर दुसऱ्या टोकाला बंगळुरू गाठतो. सॉफ्टवेअर कंपन्या एका महाविद्यालयात आसपासच्या अनेक महाविद्यालयांतील मुलांची एकत्र परीक्षा घेत, तिला ‘पूल कॅम्पस’ म्हणत. कंपनी जिथे उतरत नसे, तिथल्या मुलाला ही वारी करावीच लागे.

या परीक्षेची जुनी तयारी आज काहीशी चमत्कारिक वाटते. बँकांच्या परीक्षांसाठी वापरले जाणारे आर. एस. अगरवाल यांचे अंकगणित, इन्फोसिसच्या लेखी परीक्षेसाठी शकुंतलादेवी आणि जॉर्ज समर्स यांची कोडी, आणि सी या संगणकभाषेसाठी नागपूरच्या यशवंत कानेटकरांची ‘लेट अस सी’ व ‘टेस्ट युअर सी स्किल्स’ ही पुस्तके, एवढ्या शिदोरीवर अनेकांचे निभावले. कानेटकरांनी ही भाषा लहान शहरांतील मुलांच्या आवाक्यात आणली, हे त्यांचे श्रेय मोठे आहे. परंतु दिलेल्या ओळींचे उत्तर काय छापले जाईल एवढेच विचारणारी जी प्रश्नपद्धती त्या काळी सर्वत्र रूढ झाली, तिने प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा ओळखण्याला महत्त्व दिले. एकाच विधानात एका चलाची किंमत दोनदा वाढवून उत्तर विचारणे हा त्यातला लाडका प्रश्न, आणि गंमत अशी की सी भाषेच्या 1989 च्या प्रमाणित नियमांनुसार अशा विधानाला निश्चित उत्तरच नाही. प्रयोगशाळेतील टर्बो सी हे सॉफ्टवेअर जे दाखवी ते मुलांनी पाठ केले.

पारख कामाकडे वळली ती नंतर. 2007 च्या सुमारास ‘फिझबझ’ या अगदी साध्या प्रश्नाची चर्चा झाली : 1 ते 100 अंक छापावेत, 3 ने भाग जाणाऱ्या अंकाऐवजी एक शब्द, 5 ने जाणाऱ्याऐवजी दुसरा आणि दोहोंनी जाणाऱ्याऐवजी दोन्ही शब्द छापावेत, एवढेही न जमणारे उमेदवार मुलाखतीला येतात, ही त्यामागची तक्रार होती. पुढच्याच वर्षी गेल लाकमन मॅकडॉवेल यांचे ‘क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू’ प्रसिद्ध झाले, त्यानंतर गीक्सफॉरगीक्स, लीटकोड यांसारखे सरावाचे फड उभे राहिले आणि ‘डीएसए’, म्हणजे माहितीची मांडणी व ती हाताळण्याच्या रीती, हा तयारीचा गाभा ठरला. त्यात उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही, ते किती पायऱ्यांत येते हेही मोजले जाते. साखर कारखान्याच्या 1,00,000 सभासदांच्या अकारविल्हे यादीत एक नाव पहिल्यापासून शोधू लागल्यास लाखभर नावे पाहावी लागू शकतात. दर वेळी मधले नाव पाहून नको तो अर्धा भाग सोडत गेल्यास 17 वेळा पाहून काम होते. हा फरक उमगणे म्हणजे निम्मी तयारी.

2018 मध्ये टीसीएसने राष्ट्रीय पातळीवर सामायिक पात्रता परीक्षा सुरू केल्यावर कंपनी कोणत्या महाविद्यालयात उतरते याचे महत्त्व कमी झाले, आणि 2020 च्या टाळेबंदीत परीक्षा घरच्या कॅमेऱ्यासमोर आली. मग अभ्यासाइतकीच वीज आणि नेटची रेंज यांचीही तजवीज करावी लागली. इंग्रजीतून स्वतःची ओळख पाठ करून सांगण्याची ‘एचआर राउंड’ मात्र फारशी बदलली नाही, आणि मराठी माध्यमातून आलेला मुलगा अल्गोरिदमपेक्षा तिथेच अधिक अडखळतो.

अशा रीतीने सॉफ्टवेअर उद्योग कोड्यांचा मोठा वळसा घालून शेवटी फिटरच्या परीक्षेपाशी आला : जॉब द्यावा आणि पाहावे. साम्य मात्र अपुरे आहे. कानशीने घासलेले दोन तुकडे एकमेकांत बसवून उजेडापुढे धरले, की फट कुठे राहिली हे परीक्षकाइतकेच उमेदवारालाही दिसते. कोडिंग टेस्टमध्ये प्रोग्रॅम ज्या नमुना-माहितीवर तपासला जातो तिला ‘टेस्ट केस’ म्हणतात. त्यांतल्या बऱ्याचशा झाकलेल्या असतात, आणि नापास झालेल्याला त्या सहसा नंतरही दाखवल्या जात नाहीत.