भेटींच्या आकड्याचे साक्षीमूल्य : किन्हीराजा या नावाच्या निमित्ताने

इतिहासाच्या अभ्यासकास गणतीचे कागद नवे नाहीत. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे जी कामे सोपविलेली असत, त्यांत शहरात नव्याने येणाऱ्या आणि शहर सोडून जाणाऱ्या माणसांची नोंद ठेवणे हेही एक काम होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला आणि १८६७ साली तेथे पहिली खानेसुमारी झाली. या दोन्ही नोंदींत चुका आहेत, पक्षपातही असेल. तथापि दोहोंत एक गोष्ट समान आहे. मोजणारा माणूस मोजल्या जाणाऱ्या माणसासमोर, निदान त्याच्या दारासमोर, उभा होता. गेल्या तीस वर्षांत मात्र गणतीचा असा एक प्रकार रूढ झाला आहे की ज्यात मोजणाऱ्यास माणूस दिसतच नाही. संकेतस्थळाच्या तळाशी झळकणारा भेटींचा आकडा हा तो प्रकार होय. समकालीन विषयांवरील प्रबंधांतून हा आकडा आता पुरावा म्हणून येऊ लागला आहे. तेव्हा अन्य कोणत्याही साधनाप्रमाणे त्याचीही चिकित्सा करणे प्राप्त आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. मालेगाव व शेलूबाजार यांच्या दरम्यान असलेले किन्हीराजा हे गाव त्या दिवशी अकोला जिल्ह्यात होते. १९०५ साली मोडलेला वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला तो १ जुलै १९९८ रोजी. त्या काळच्या गणकाची घडण अगदी साधी होती. पानावर एका चित्रासाठी जागा सोडलेली असे. वाचकाच्या यंत्राने ते चित्र मागितले की दूरच्या यंत्रावरील एक लहानसा प्रोग्रॅम जागा होई, एका फाइलीत लिहिलेली संख्या वाची, तीत एक मिळवी, नवी संख्या परत लिही आणि तिच्या अंकांचे चित्र करून पाठवी. हे अंक बहुधा मोटारीच्या मैलदर्शकावरील अंकांसारखे काढलेले असत. दोन वाचक एकाच क्षणी आले तर दोघांनाही तीच जुनी संख्या मिळे आणि एक भेट हरवे. फाइल बिघडली की गणना पुन्हा शून्यापासून सुरू होई. शिवाय आरंभीची संख्या कोणती असावी हे ठरविणे पूर्णपणे मालकाच्या हाती होते. एका संस्थेचे संकेतस्थळ नव्याने बांधले गेले तेव्हा पाच अंकी आकडा एका रात्रीत ‘१’ झालेला प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. आठवडाभराने तो पुन्हा पाच अंकी झाला; कसा, ते विचारण्याचे कोणास कारण वाटले नाही.

या चित्रापेक्षा अधिक विश्वसनीय साधन म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. तीत प्रत्येक मागणीची एक ओळ असते : मागणाऱ्याचा अंकी पत्ता, वेळ, मागितलेली वस्तू, उत्तराचा संकेतांक आणि पाठविलेल्या बाइट्सची संख्या. येथे ‘हिट’ या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. दहा चित्रे असलेले एक पान एकाने एकदा उघडले की रोजनिशीत अकरा ओळी पडतात, म्हणजे अकरा हिट होतात. जाहिरातीत ‘लक्षावधी हिट’ म्हणून जो आकडा मिरविला जाई, त्याचे मर्म पुष्कळदा इतकेच असे. हिट, पान, भेट आणि माणूस ही चार निरनिराळी परिमाणे आहेत आणि एकावरून दुसरे काढण्याचा कोणताही स्थिर गुणक नाही. शासकीय संकेतस्थळांवर ‘एकूण दर्शक’ असे लिहिलेले आढळते. ‘वाचक’ हा शब्द तेथे टाळला गेला, तो जाणून की सहज, हे सांगता येत नाही. पण तो टाळला गेला हे बरेच झाले.

मराठीच्या बाबतीत ‘दर्शक’ आणि ‘वाचक’ यांतील अंतर एका विशेष कारणाने वाढले होते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले होते. परंतु प्रत्यक्षात पुढील कित्येक वर्षे मराठी संकेतस्थळे आपापले स्वतंत्र टंक वापरीत. ज्याच्या यंत्रावर तो टंक नसे, त्याला पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गोंधळ दिसे. गणकाने मात्र त्याची भेट इमानेइतबारे नोंदविलेली असे. सबब, त्या वर्षांच्या मराठी संकेतस्थळांच्या आकड्यांत न वाचता परतलेल्यांचा एक भाग आहे आणि तो वेगळा काढण्याचा मार्ग नाही.

छापील पत्रांशी तुलना केली म्हणजे एक मौजेची गोष्ट दिसते. वृत्तपत्रांचा खप तपासणारी ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ साली स्थापन झाली. तिचा आकडा प्रतींचा असतो. खेड्यात चावडीवर किंवा हॉटेलात येणारा एकच अंक दहा जण वाचतात, म्हणून खपाचा आकडा वाचकांहून लहान पडतो. गणकाची चूक सामान्यतः उलट्या दिशेची : एकच माणूस दहा वेळा येतो आणि दहा ठरतो. हे ओळखूनच १९९४ साली नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली यांनी ‘कुकी’ ही खूण योजिली, आणि तिचा पहिला उपयोग नेटस्केपच्या संकेतस्थळावर आलेला मनुष्य पूर्वी येऊन गेला आहे की नाही हे पाहण्यासाठी झाला. परंतु मोबाइलच्या प्रसारानंतर, विशेषतः २०१६ नंतर, पुन्हा चावडीचीच स्थिती आली आहे. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच अंकी पत्त्याआडून बाहेर पाठवितात. किन्हीराजातील वाचकाची मागणी रोजनिशीत मुंबईच्या किंवा नागपूरच्या नावावर पडू शकते. ‘या पानाला वाशीम जिल्ह्यातून इतके वाचक लाभले’ असे विधान निव्वळ पत्त्यांवरून करणाऱ्या विद्यार्थ्याने हे विसरू नये.

आता गावाच्या नावाकडे वळू. किन्ही नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. ‘राजा’ या जोडाने हे गाव त्यांतून वेगळे ओळखले जाते. परंतु हा जोड कोणी सलग लिहितो, कोणी तोडून लिहितो, कोणी ‘न्हि’ ऱ्हस्व काढतो. माणसाच्या डोळ्याला ही एकच गोष्ट; यंत्राला तीन. ‘किन्हीराजा’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने व्यंजने, मात्रा व हलन्त धरून दहा चिन्हे आहेत. प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन रोमन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे रोमन लिपीत नऊ अक्षरांत मावणारे हे नाव रोजनिशीत नव्वद चिन्हांची ओळ होऊन बसते. टंकलेखनाच्या एखाद्या सोयीमुळे जोडाक्षरात एक अदृश्य जोडचिन्ह शिरले, तर ती ओळ नव्व्याण्णव चिन्हांची होते आणि नाव चौथे ठरते. जुन्या दप्तरांत ‘वाशीम’, ‘बाशीम’, ‘वासीम’ ही रूपे एकाच गावाची म्हणून आपण जुळवून घेतो. येथेही तेच कष्ट आहेत, फरक इतकाच की येथील पाठभेद डोळ्यांना दिसत नाहीत.

हे कष्ट कोठे करता येतात, याचे उत्तम उदाहरण म्हणजे मराठी विकिपीडिया. तो १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पानाच्या तळाशी गणकाची सोय होती. परंतु वाचकांचा भार हलका करण्यासाठी पानांच्या तयार प्रती मधल्या यंत्रांवर ठेवल्या जाऊ लागल्यावर पुष्कळशा मागण्या मूळ यंत्रापर्यंत पोहोचेनाशा झाल्या, आणि गणक निरर्थक ठरला. २०१५ साली तो सॉफ्टवेअरमधून काढूनच टाकण्यात आला. त्याऐवजी डिसेंबर २००७ पासून डोमास मिटुझास यांच्या व्यवस्थेने तासातासाच्या फाइली निघू लागल्या. भाषा, शीर्षक, मागण्यांची संख्या, बाइट अशी त्यांतील ओळ असते. वळविलेली शीर्षके त्यांत स्वतंत्र मोजली जातात, म्हणून एका गावाच्या सर्व पाठांची बेरीज अभ्यासकानेच करावयाची. त्याहून मोठी अडचण अशी की या मूळ फाइलींत मोबाइलसाठीच्या आवृत्तीवरील वाचन पानवार धरलेले नव्हते. ते सप्टेंबर २०१४ पासून दुसऱ्या मालिकेत येऊ लागले. ज्या भागात बहुतेकांना इंटरनेट प्रथम मोबाइलवरच भेटले, त्या भागाविषयी २०१४ पूर्वीचा आलेख आणि नंतरचा आलेख एका रेषेने जोडणे ही सरळ सरळ चूक होय. जुलै २०१५ पासूनच्या मालिकेत शोधयंत्रांचे फिरस्ते प्रोग्रॅम वेगळे दाखविलेले आहेत. लहान गावाच्या पानाबाबत या पृथक्करणाला फार महत्त्व आहे, कारण महिन्याला मूठभर भेटी असतील तर त्यांतील निम्म्या यंत्रांच्याच असू शकतात.

किंबहुना जतन करणारा हाही मोजला जातो. इंटरनेट आर्काइव्हचा प्रोग्रॅम एखादे जुने पान टिपण्यास येई, तेव्हा त्या पानावरील गणक एकाने पुढे सरकू शके. जतन झालेल्या प्रतीत मात्र गणकाचे चित्र पुष्कळदा नसते, कारण ते दुसऱ्याच यंत्रावरून येत असे. ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज बंद झाली तेव्हा अशी असंख्य घरगुती पाने एकदम गेली. मे २०२२ मध्ये अलेक्सा ही क्रमवारी देणारी सेवा मिटली.

पण खरी हानी त्यानंतरची आहे, आणि ती अद्याप आपल्याकडे पुरेशी चर्चिली गेलेली नाही. गूगलने २००५ साली अर्चिन ही कंपनी घेऊन त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ॲनॅलिटिक्स ही सेवा खुली केली. ती फुकट असल्याने लहान संस्था, नियतकालिके, महाविद्यालये यांनी आपल्या रोजनिशा सांभाळण्याचे सोडून सारी मोजणी तिच्यावर सोपविली. या सेवेच्या जुन्या पद्धतीने नोंद घेणे १ जुलै २०२३ रोजी थांबविले, आणि १ जुलै २०२४ पासून त्या पद्धतीने साठविलेली माहिती काढून टाकण्यास आरंभ झाला. ज्यांनी आपले आकडे आधी उतरवून घेतले त्यांच्याजवळ ते आहेत. बाकीच्यांची अनेक वर्षांची वाचकनोंद गेली. आणि सर्व्हरवरील मूळ रोजनिशा, जागा वाचविण्यासाठी, बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांतच पुसल्या जात असत. संस्थांच्या वार्षिक अहवालांत कोठे कोठे ‘संकेतस्थळास इतक्या भेटी’ असे एखादे वाक्य छापलेले सापडते. ती भेट हिटची की पानाची, यंत्र वगळून की धरून, हे त्या वाक्यात लिहिलेले नसते.