पाळीव हंसाची पिसे गळली किंवा पंखाला लागले तर काय करावे?

पाळीव हंसाची पिसे गळणे हे बहुतेक वेळा आजाराचे लक्षण नसते. एकच पंख लोंबणे मात्र दुखापतीची खूण असू शकते. हा फरक ओळखता आला, तर नको तिथे औषध देणे आणि हवे तिथे उशीर करणे, या दोन्ही गोष्टी टळतात.

बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजीसारख्या (ता. नांदुरा) गावात हंस हौसेसाठी किंवा शेतातल्या घराच्या राखणीसाठी पाळता येतो. अनोळखी माणूस दिसला की तो मोठ्याने ओरडतो. पण गावाकडच्या पशुवैद्यकाकडे जास्त करून गाई-म्हशी आणि शेळ्या येतात. त्यामुळे हंसाची पहिली पाहणी मालकालाच करावी लागते.

पिसे का गळतात?

हंस वर्षातून एकदा, साधारणपणे अंडी घालण्याचा हंगाम संपल्यावर, जुनी पिसे टाकतो. पंखांची मोठी पिसे जवळजवळ एकाच वेळी आणि दोन्ही बाजूंनी गळतात. नवी पिसे पूर्ण वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात पक्षी बोडका दिसला तरी खातो, चालतो आणि ओरडतो. त्याला औषधाची गरज नसते.

इतर कारणे पिसे कुठली गेली आहेत यावरून ओळखता येतात :

• मादीच्या छातीवरची मऊ पिसे : घरट्यात अंथरण्यासाठी ती स्वतःच उपटते. हे नैसर्गिक आहे.
• मादीच्या मानेची मागची बाजू आणि पाठ : जोडी जमताना नर मान चोचीत धरतो. कातडी फाटली असेल, तर नराला काही दिवस वेगळे ठेवावे.
• पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी : उवा किंवा गोचीडवर्गीय परजीवी असू शकतात. पिसे बाजूला करून उजेडात पाहावे.
• अंगभर विस्कटलेली, मळकट पिसे : आंघोळीला पाणी कमी पडत असेल. हंस शेपटीजवळच्या ग्रंथीतले तेल चोचीने पिसांना लावतो. त्यासाठी निदान डोके पूर्ण बुडेल एवढे खोल पाणी रोज लागते.
• जागोजागी तुटलेली पिसे : दाटीवाटी, एकमेकांना चोची मारणे किंवा निकस आहार.

पिसाचा सर्वांत मोठा भाग प्रथिनांचा असतो. म्हणून नुसत्या मक्यावर किंवा शिळ्या पोळीवर ठेवलेल्या हंसाला पिसे टाकण्याचा काळ जड जातो. हिरवे गवत, पालेभाजी आणि संतुलित खाद्य द्यावे.

नव्या पिसातून रक्त आले तर?

वाढत्या पिसाच्या नळीत रक्त असते, म्हणून ती निळसर-काळपट दिसते. ती तुटली की बरेच रक्त वाहते. स्वच्छ कापडाने किंवा गॉजने ५ ते १० मिनिटे न उचलता दाबून धरावे. तुटक्या नळीच्या टोकावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबले तरी चालते. पीस घरी उपटू नये. रक्त थांबत नसेल, तर डॉक्टरकडे न्यावे.

पंखाची दुखापत कशी ओळखावी?

कुत्र्याचा हल्ला, जाळीत अडकणे आणि पंख धरून उचलणे ही नेहमीची कारणे आहेत. हंसाला पंखाने किंवा पायाने कधीही उचलू नये. दोन्ही पंख अंगाशी मिटवून, पोटाखाली हात देऊन धरावे.

पंख थोडा खाली असेल, पण पक्षी तो हलवत असेल, तर मुरगळ किंवा मुका मार असू शकतो. पंख वेडावाकडा दिसणे, हाड दिसणे किंवा पंख अजिबात न हलणे ही मोडल्याची लक्षणे आहेत. खांद्याजवळचे हाड आतून पोकळ असून श्वसनाच्या हवापिशव्यांशी जोडलेले असते. त्यामुळे तिथल्या उघड्या जखमेत पाणी किंवा औषध ओतू नये.

घरी करायचे प्रथमोपचार

१. पक्ष्याला सावलीत, हवेशीर आणि शांत जागी ठेवावे. विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याचे बंद खुराडे टाळावे. जोडीदार नजरेसमोर असला, तर तो शांत राहतो.
२. वरवरची जखम मिठाच्या पाण्याने धुवावी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चमचा मीठ घालावे.
३. पोव्हिडोन आयोडिन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे.
४. माश्या बसू नयेत म्हणून मच्छरदाणी लावावी. जखमेत अळ्या पडल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे.
५. जखम भरेपर्यंत पोहायला सोडू नये. प्यायला पाणी मात्र भरपूर ठेवावे.

लोंबता पंख नैसर्गिक स्थितीत मिटवून त्याच पंखाभोवती सैल क्रेप बँडेज बांधता येते. छातीभोवती घट्ट पट्टी बांधणे जिवावर बेतू शकते. पक्ष्यांना माणसासारखे श्वासपटल नसते आणि छाती हलली तरच त्यांना श्वास घेता येतो. डॉक्टरला न दाखवता पट्टी दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, कारण सांधा आखडतो.

काय करू नये?

रॉकेल, चुना किंवा तंबाखू जखमेवर लावू नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. डायक्लोफेनॅक दिलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मेली, म्हणून भारतात जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. घरातल्या डब्यात सहज सापडणारी गोळी पक्ष्यासाठी किती घातक ठरू शकते, हे त्यावरून कळते.

पिल्लाचा पंख बाहेर वळला असेल तर?

पंखाचे टोक बाहेर वळण्याला ‘एंजल विंग’ म्हणतात. जास्त ऊर्जेच्या आणि प्रथिनांच्या खाद्याने वाढ फार वेगाने होणे हे त्याचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. वाढत्या वयात लक्षात आले, तर आहार बदलून आणि काही दिवस पंख बांधून तो सरळ होऊ शकतो. मोठ्या हंसात तो तसाच राहतो, पण पक्षी नीट जगतो.

डॉक्टरांना कधी बोलवावे?

रक्त थांबत नसेल, हाड दिसत असेल, कुत्र्याचा दात लागला असेल, किंवा पक्षी दिवसभर खात नसेल, तर वाट पाहू नये. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो. अवघड मोडीसाठी अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे.

एकाच वेळी अनेक पक्षी मान वाकडी होऊन किंवा अचानक मेले, तर ती दुखापत नव्हे. देशात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला होता. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे.

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला जखमी हंस तलावाकाठी सापडला, तर तो हिवाळी पाहुणा पट्टकदंब असू शकतो. तो संरक्षित वन्यपक्षी असल्याने घरी ठेवू नये. वनविभागाला १९२६ वर कळवावे.