कोड : आजार त्वचेचा, भोग समाजाचा

अंगावर पांढरा डाग दिसला की औषधाआधी घरात चिंता सुरू होते ती लग्नाची. कोडाने जिवाला धोका नसतो, तरीही तो लपवला जातो. ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या नावामुळे त्याचे नाते कुष्ठरोगाशी जोडले गेले. वस्तुतः या दोहोंचा काहीही संबंध नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो आणि त्याच्या चट्ट्यांवर बहुधा बधिरता येते. कोडाच्या डागावर मात्र स्पर्श व वेदना जाणवतात. कोड संसर्गजन्य नाही.

कारणे
त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य मेलॅनोसाइट या पेशी तयार करतात. शरीराची प्रतिकारशक्तीच या पेशी नष्ट करू लागली, की तेवढ्या भागाचा रंग जातो. जगात साधारण अर्धा ते दोन टक्के लोकांना कोड असते. सुमारे निम्म्या रुग्णांत त्याची सुरुवात विशीच्या आत होते. आनुवंशिकतेचा काही वाटा असला, तरी बहुतेक रुग्णांच्या घरात इतर कोणालाही कोड नसते. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होते, या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. काही रुग्णांत थायरॉइडचा विकारही आढळत असल्याने त्याची तपासणी करून घेणे हिताचे ठरते.

उपचार
मलमे, अतिनील किरणांचे उपचार आणि डाग दीर्घकाळ स्थिर असल्यास शस्त्रक्रिया, हे प्रमुख मार्ग आहेत. चेहऱ्यावरील डाग तुलनेने चांगली दाद देतात. ओठ व बोटांच्या टोकांवरील डाग चिवट असतात. अमेरिकेत २०२२ मध्ये रुक्सोलिटिनिब या मलमाला कोडासाठी मान्यता मिळाली. उपचारांना अनेक महिने लागतात आणि डाग पुन्हा उमटू शकतात. त्यामुळे खात्रीशीर इलाजाच्या जाहिरातींना न भुलता त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

मनावरील परिणाम
लोकांच्या नजरा, शेजाऱ्यांचे प्रश्न आणि मोडलेली स्थळे यांमुळे अनेकांना नैराश्य येते. समारंभ टाळणे, बारमाही पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे ही त्याचीच लक्षणे होत. मुलींच्या वाट्याला हा जाच अधिक येतो. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या ‘श्वेता असोसिएशन’ने कोड असलेल्यांना एकत्र आणून आधार दिला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ (२००६) या चित्रपटाची नायिका कोड असलेली डॉक्टर आहे. दरवर्षी २५ जूनला जागतिक कोड दिन पाळला जातो. स्वतःला कोड असल्याचे १९९३ मध्ये जाहीर करणारा गायक मायकेल जॅक्सन याचा तो स्मृतिदिन.

कोड असलेल्या व्यक्तीशी हस्तांदोलन करण्यास, एका ताटात जेवण्यास किंवा विवाह करण्यास वैद्यकशास्त्राची कोणतीही हरकत नाही.