सांभाळाचे मोल

भोर आणि वेल्हे, म्हणजे आजचा राजगड तालुका, हा पुणे जिल्ह्याचा सह्याद्रीला भिडलेला डोंगरी मुलूख. राजगड, तोरणा, रोहिडा हे गड सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या पायथ्याशी विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. भातलावणीच्या दिवसांत घरातला प्रत्येक हात चिखलात राबतो. अशा वेळी तान्ह्याला कोणी सांभाळावे? पंतसचिवांच्या भोर संस्थानात हा प्रश्न होता, आणि १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावरही तो तसाच राहिला. आजी असेल तर आजी, नसेल तर थोरली बहीण, हेच त्याचे परंपरागत उत्तर. त्या बहिणीची शाळा बुडे, ही या सांभाळाची न मोजलेली किंमत होती.

हा भार एकट्या कुटुंबाने का वाहावा, असा विचार युरोपात औद्योगिक युगात पुढे आला. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्रनोब्ल येथील एमिल रोमाने या कॅथलिक कारखानदाराने मुलांच्या संख्येनुसार कामगारांना भत्ता देण्यास आरंभ केला. त्यात एक धोका होता : मालक लेकुरवाळ्या माणसाला कामावर घेणेच टाळतील. म्हणून अनेक मालकांनी मिळून सामाईक निधी उभारला आणि भत्ता त्यातून दिला जाऊ लागला. १९३२ साली फ्रान्सने कायदा करून ही पद्धत मालकांवर बंधनकारक केली. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’मध्ये पुरेसे कुटुंबवेतन किंवा त्याऐवजी कुटुंबभत्ता व मातांना अनुदान असे मार्ग सांगितले.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही मर्यादा तीसवर आणली गेली. पण शेतात राबणाऱ्या स्त्रीला कारखान्याचे दार कोठले? तिचा विचार प्रथम शिक्षणतज्ज्ञांनी केला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि १९५७ नंतर कोसबाडला पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी केली. धाकट्याची सोय झाल्याखेरीज थोरली शाळेत येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी खेडोपाडी पोहोचू लागली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले असलेल्या वस्तीला, मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळालीच पाहिजे. आदेश मोलाचा, पण डोंगरातल्या दहा-पंधरा घरांच्या वाडीने चाळीस मुले आणावीत कोठून? अशा ठिकाणांसाठी छोट्या अंगणवाडीची तरतूद झाली. तरीही अंगणवाडीचे तास थोडे आणि लावणीचा दिवस मोठा, ही विसंगती उरलीच.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत कामाच्या जागी मुले सांभाळण्याची सोय अपेक्षित होती. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने तर स्पष्ट म्हटले की, कामावरील स्त्रियांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्यापैकी एकीला सांभाळासाठी नेमावे आणि तिला मजुरी द्यावी. येथे अट चाळीसची नव्हती, पाचाची होती. लहान वाडीला पेलणारी होती. शिवाय मूल सांभाळणे हेही खडी फोडण्याइतकेच काम आहे, हे कायद्याने मान्य केले. परंतु ही सोय सरकारी कामापुरतीच. स्वतःच्या वा शेजाऱ्याच्या खाचरात लावणी करणाऱ्या मातेला तिचा लाभ नव्हता.

रोख साहाय्याचा मार्गही महाराष्ट्राने चोखाळला आहे. ज्यांचे पालक सांभाळ करू शकत नाहीत अशा मुलांना संस्थेत न धाडता कुटुंबातच वाढवता यावे, म्हणून बालसंगोपन योजनेतून मदत दिली जाते. ती पूर्वी दरमहा ४२५ रुपये होती, पुढे १,१०० झाली आणि २०२३ मध्ये २,२५० रुपये करण्यात आली. मात्र ती संकटातील मुलांसाठी आहे. नोकरदार व कष्टकरी मातांसाठी केंद्र सरकारने २०२२ साली ‘पाळणा’ योजना आणली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना मांडली.

या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानी येतात. मदत सामाईक निधीतून आली तरच ती टिकते, हा ग्रनोब्लचा धडा. आणि निकष वस्तीच्या मापाचा असला तरच ती दारापर्यंत पोहोचते, हा आपल्या डोंगराचा धडा. प्रभू येशूने बालकाला शिष्यांच्या मधोमध उभे केले होते. आपल्या धर्मग्रामांत महिला मंडळे आहेत, सभागृहे आहेत, दानपेट्या आहेत. पाच मुलांसाठी एका बाईला रास्त मजुरी देणे, हे त्यांना अशक्य नाही. त्या पाचांत शेजारच्या धर्माचे मूल असले, तर ते अधिकच उचित होय. एखाद्या थोरल्या बहिणीची शाळा वाचावी, एवढाच हिशेब त्यासाठी पुरेसा आहे.