झाडाला आठवण करून देणारा माणूस

सन 999, सप्टेंबर. इंग्लंडच्या दक्षिणेतला वेसेक्सचा प्रदेश आणि त्यात, आज ज्याला डॉर्सेट म्हणतात त्या भागातलं एक खेडं. कापणी उरकली आहे, धसकटांत मेंढ्या सोडल्या आहेत. गेल्या साली डेन लोकांची जहाजं फ्रोम नदीच्या मुखातून आत शिरली आणि त्यांनी हा मुलूख लुटला. लोक अजून त्याबद्दलच बोलतात. तुम्ही मात्र एका वैद्याच्या मागोमाग ओढ्याकाठच्या ओल्या कुरणात उतरत आहात. भाषेची काळजी नको, या प्रवासात ती कळते.

आज थुनोरच्या, म्हणजे गडगडाटाच्या देवाच्या वाराची सांज आहे. सूर्य टेकडीआड गेल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, म्हणून वैद्य थांबलाय. तुम्हीही थांबा आणि समोरचं झाड नीट पाहून घ्या. छातीला लागेल इतकं उंच, हातभर लांब पानं, पानांच्या खालच्या अंगाला पांढरट मऊ लव. पिवळी फुलं आता वाळून तपकिरी झाली आहेत. हे एलेकॅम्पेन. आपल्याकडे खोकल्यादम्यावर देतात ते पुष्करमूळ याच्याच जातकुळीतलं, त्यामुळे मुळीला हात घालणारा वैद्य तुम्हाला फारसा परका वाटू नये.

गावात एक बाई अंथरुणाला खिळली आहे. तिला एल्फची बाधा आहे. गोष्टीच्या पुस्तकांतले टोकदार कानांचे गोजिरे एल्फ डोक्यातून काढून टाका. इथले एल्फ दिसत नाहीत, माळावर आणि पाणथळ जागी वावरतात आणि त्यांचा कोप झाला की धडधाकट माणूस खंगत जातो. ‘बाहेरचं आहे’ असं आपल्याकडची म्हातारी माणसं ज्या स्वरात म्हणतात, त्याच स्वरात इथे एल्फचं नाव घेतलं जातं.

सूर्य गेला. वैद्य झाडापुढे उभा राहून आधी लॅटिनमधलं स्तोत्र म्हणतो, मग ‘आमच्या पित्या’ ही प्रार्थना, मग संतांच्या नावांची लांबलचक विनवणी. मग कमरेची सुरी काढून ती झाडात खुपसतो आणि तशीच ठेवतो. मुळी काढत नाही, पान तोडत नाही. पाठ फिरवून चालू लागतो. सुरी तिथेच.

रात्र त्याच्या झोपडीत काढा. पहाटे, रात्र आणि दिवस एकमेकांपासून सुटे होत असतात त्या वेळी, तो तुम्हाला उठवतो. आधी चर्चमध्ये जायचं, अंगावर क्रुसाची खूण करायची, स्वतःला देवाच्या हवाली करायचं. तिथून पुढे तोंड बंद. वाटेत माणूस भेटो की काही भयंकर दिसो, काल खूण केलेल्या झाडापाशी पोचेपर्यंत एक शब्द काढायचा नाही. धुक्यातून एक मेंढपाळ येतो, काहीतरी विचारतो. तुमच्या जिभेवर उत्तर येतं आणि तुम्ही ते गिळता. मेंढपाळही समजतो, वाट सोडतो. त्याला ठाऊक आहे की या वेळी गप्प चालणारा माणूस कुठे निघालेला असतो.

झाडापाशी पुन्हा तीच स्तोत्रं. मग खणणं. सुरी मुळीत रुतलेलीच राहू द्यायची, तिला धक्का लावायचा नाही. त्यामुळे काम सावकाश चालतं. माती भुसभुशीत करत, बोटांनी बाजूला सारत तो जाडजूड, फाटे फुटलेली मुळी अख्खी वर घेतो. एका जागी साल खरवडली गेली आहे, तिथून पिवळसर गर दिसतो आणि कापराच्या अंगाचा उग्र वास येतो. आता पाय उचला. थेट चर्चमध्ये जाऊन मुळी सुरीसकट वेदीखाली ठेवायची आणि सूर्य वर येईपर्यंत तिथेच राहू द्यायची. मग ती धुवायची, तिच्यात बिशपवर्ट नावाचा पाला आणि क्रुसावर चढलेलं दगडफूल घालायचं, हे सगळं दुधात तीनदा उकळायचं, तीनदा पवित्र पाणी ओतायचं. आजारी बाईच्या चारही बाजूंना तलवारीने क्रुसाची खूण करायची आणि मग काढा पाजायचा. (दगडफूल म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचंच भावंड. इथे ते फोडणीऐवजी क्रुसावरून येतं.)

हा विधी मी रचलेला नाही. दहाव्या शतकाच्या मध्याला लिहिल्या गेलेल्या एका वैद्यकग्रंथात तो पायरीपायरीने दिला आहे. ‘जुनी अंधश्रद्धा’ हा शिक्का त्यावर मारून पुढे जाणं मला पटत नाही. सगळ्या तपशिलांमधून एकच गोष्ट ठळक दिसते: झाडाला आधी कळवलं जातं. संध्याकाळी येऊन त्याची निवड सांगायची, त्याला एक रात्र द्यायची, मग त्याच्यापर्यंत मुक्याने चालत जायचं. औषध म्हणजे वस्तू, ती उचलली की आपली, हा विचार या माणसाच्या डोक्यात शिरलेलाच नाही. झाड कुणीतरी आहे.

ते किती ‘कुणीतरी’ आहे हे दुपारी कळतं. एका नांगरधऱ्या पोराला त्याची आई आणि मामा पाटावर घालून आणतात. घोट्याजवळ दंश, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, जखम चिघळलेली. या बेटावर विषारी साप एकच, अ‍ॅडर. आपल्या फुरशाच्या कुळातला, पण त्याच्या दंशाने माणूस क्वचितच दगावतो. सूज आणि ताप मात्र दिवसचे दिवस राहतात. वैद्याच्या यशाला हेही एक कारण आहे, हे मनात असू द्या. आणि मनात ठेवून पुढे पाहा.

त्याच्या लेखी विष एकट्या सापाचं नसतं. चिघळलेली जखम विष, साथ म्हणजे वाऱ्यावर उडत येणारं विष, देशभर फिरणारी एक किळसवाणी शक्ती म्हणजे विष. विषाला रंग असतात: तांबडं, पांढरं, पिवळं, हिरवं, निळं. त्याला दिशाही असतात. एकूण विषं नऊ, म्हणून झाडंही नऊ. तो ती पोराच्या पायापाशी मांडतो. मगवर्ट, म्हणजे दवण्याचा भाऊबंद. पान चुरगळा, जोतिबाच्या चैत्रयात्रेत हातात घेतलेल्या दवण्याची आठवण व्हावी असा कडवट सुगंध येईल. मग प्लांटेन, ईसबगोलाच्या कुळातलं, पायवाटेवर उगवणारं. त्याचं पान हळूच ओढून तोडा, तुकडे वेगळे झाले तरी आतले दोरे ताणत राहतात, सुटत नाहीत. मग बारीक पानांचं लॅम्ब्स क्रेस, अंगाची आग करणारं नेटल, कॅमोमाइल, चर्विल, बडीशेप, रानटी आंबट सफरचंद. आणि नववं, ज्याला इथले लोक ‘अटरलाथे’ म्हणतात. हे नेमकं कोणतं झाड, यावर आजचे विद्वान भांडतात. तुम्ही इथे प्रत्यक्ष आहात म्हणून पुढे वाकता, पण वैद्याची मूठ आधीच मिटलेली असते.

तो झाडांशी बोलू लागतो. देवाशी नाही, पोराशी नाही, झाडांशी. मगवर्टला तिने पूर्वी काय जाहीर केलं होतं ते आठवायला सांगतो, तिला सर्वांत जुनी म्हणतो. प्लांटेनला झाडांची आई म्हणतो आणि तिच्या अंगावरून कायकाय गेलं ते तिला ऐकवतो: रथ, राण्या, नव्या नवऱ्या, फुरफुरणारे बैल. इतकं सोसून ती उभी राहिली, तर आता या विषापुढेही उभी राहील, हा त्यातला हिशेब. कॅमोमाइलला तो आलोरफोर्ड नावाच्या जागी तिने बजावलेली कामगिरी सांगतो. आजारी माणसाच्या उशाशी बसून झाडाला त्याच्या पराक्रमाची आठवण करून देणं, झाडालाही स्मृती आहे, स्वाभिमान आहे असं धरून चालणं, याच्याइतकी सुंदर गोष्ट मला वनौषधींच्या साऱ्या इतिहासात दुसरी माहीत नाही.

त्याच्या गाण्यात मधेच साप येतो. रांगत येऊन माणसाला फाडणारा. आणि वोडन येतो, जुना देव. नऊ काड्या घेऊन तो सापाला असा हाणतो की त्याचे नऊ तुकडे उडतात. गावाला ख्रिस्ती होऊन तीनशे वर्षं उलटली आहेत, तरी वोडनचं नाव घेताना वैद्याचा आवाज खाली येत नाही. थोड्याच वेळात त्याच दमात ख्रिस्ताचंही नाव येतं. चर्विल आणि बडीशेप ही जोडी एका ज्ञानी प्रभूने लटकलेला असताना निर्माण केली, असं तो गातो. लटकलेला कोण? क्रुसावरचा येशू, की उत्तरेकडच्या कथांत नऊ रात्री झाडाला टांगून घेणारा ओडिन, म्हणजे हाच वोडन? पोराच्या आईकडे पाहा. तिला हा प्रश्न पडलेला नाही. जो लटकला त्याने वेदना सोसली आणि वेदनेतून औषध दिलं, एवढं तिला पुरेसं आहे.

नियम असा: प्रत्येक झाडावर गाणं तीनदा म्हणायचं, कुटायच्या आधी. सफरचंदावरही. शेवटी पोराच्या तोंडात, दोन्ही कानांत आणि जखमेवर तेच गाणं. 63 ओळींचं गाणं आणि नऊ झाडं, म्हणजे दुपार कलते. पोर आधी कण्हत होतं, आता गाण्याच्या ठेक्यावर श्वास घेतंय. मग झाडपाला कुटून त्यात जुना साबण आणि सफरचंदाचा रस मिसळतात. राख आणि पाण्याच्या लगद्यात बडीशेप उकळतात. लेपाच्या आधी आणि नंतर अंडं घालून जखम धुतात. साबण, राख, आंबट रस: चिघळलेल्या जखमेपुढे वैद्य निव्वळ शब्द घेऊन बसलेला नाही.

इथून फार लांब नाही तो सर्नचा मठ. तिथे एल्फ्रिक नावाचा साधू याच वर्षांत प्रवचनं लिहितोय. झाडपाल्यावर मंत्र म्हणू नका, देवाच्या शब्दांनी तो आशीर्वादित करा आणि मग घ्या, असं त्याने स्वच्छ बजावलं आहे. आणि जवळपास त्याच काळात दुसरा कुणी ख्रिस्ती लेखनिक हातात मावेल अशा छोट्या पोथीत हे गाणं उतरवून घेतो. वोडनचं नाव खोडत नाही, कृतीतला साबणही गाळत नाही. त्या अनामिक हाताचे आपल्यावर फार उपकार आहेत. इंग्लंडच्या जुन्या देवांच्या हातचं औषध आपल्यापर्यंत आलं ते त्यांच्या भक्तांमुळे नव्हे, त्याच्यामुळे.

क्षणभर हजार वर्षं पुढे या. ती पोथी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, हार्ली 585 या क्रमांकाने. ऑस्वाल्ड कॉकेन या पाद्री विद्वानाने 1864 ते 1866 मध्ये ती आणि तिच्या जातीचे ग्रंथ छापले. जेराल्ड गार्डनरने 1950 च्या दशकात पुढे आणलेल्या विक्का पंथाचे लोक आणि इतर नवे पेगन आज मगवर्ट उशाखाली ठेवतात, स्वप्नं पडावीत म्हणून. त्यांची श्रद्धा त्यांना लखलाभ. पण या गाण्यात स्वप्नांचं अवाक्षर नाही. जुन्या माणसांना मगवर्ट हवी होती ती विषाशी लढायला, आणि माझ्या मते तिला नुसती उशाखाली ठेवणं म्हणजे तिच्याशी न बोलणं.

तिकडे 2015 मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी एल्फबाधेचा विधी ज्या ग्रंथगुच्छात आहे त्यातलाच डोळ्यांचा एक लेप शक्य तितका मूळ कृतीबरहुकूम बनवला. लसूण, कांद्याच्या जातीचं आणखी एक झाड, द्राक्षासव, बैलाचं पित्त, पितळेच्या भांड्यात नऊ रात्री. मेथिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस जंतू त्याने मारले. एकेक घटक सुटा वापरला तर तो परिणाम मिळेना. त्या कृतीत मंत्र नाही, म्हणून मंत्राची बाजू घ्यायला मी हा दाखला वापरणार नाही. नऊ रात्री वाट पाहायची हे मात्र कृतीतच आहे, आणि संशोधकांनी ती पाहिली.

आता परत चला, पोराचा लेप बदलायची वेळ झाली. वैद्य बाकावर बसून तुम्हाला निरखतो. तुमच्याकडे असं कोणतं झाड आहे, तो विचारतो. तुम्ही तुळशीचं सांगता. सूर्य मावळल्यावर तोडत नाहीत, द्वादशीला हात लावत नाहीत, तोडायच्या आधी नमस्कार करून तिची क्षमा मागतात. तो मान हलवतो, यात त्याला नवल वाटत नाही. तोडताना तोंड कुठल्या दिशेला, तो विचारतो. मग: ती पूर्वी कुणाशी लढली होती? तुम्ही तिला ते सांगता का? वृंदेची आणि जालंधराची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पण ती कीर्तनात ऐकलेली, तुळशीला कधी सांगितलेली नाही, आणि तसं तुम्ही कबूल करता. तो काही बोलत नाही, पाल्याची टोपली तुमच्याकडे सरकवतो. तुम्ही कुटायला दगड उचलता, तसा तो तुमचं मनगट धरतो. अजून गाणं म्हणून व्हायचंय.